बर्फातील जीवाणूंमध्ये नव्या प्रतिजैविकांचा शोध

थंडीत जंतू मरतात, असा सर्वसाधारण समज आहे. फ्रिजमध्ये ठेवलेले दूध नासत नाही, रात्रीची भाजी दुसऱ्या दिवशी चालते, यावरून तो दृढ झालेला असतो. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. थंडीमुळे बहुतेक जंतू मरत नाहीत; त्यांची वाढ तेवढी थांबते किंवा मंदावते. काहींना तर फ्रिजमधील चार अंश सेल्सिअस तापमानही पुरेसे असते. गर्भवती स्त्रियांना आणि वृद्धांना घातक ठरणारा लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स हा जीवाणू तेवढ्या थंडीतही सावकाश वाढत राहतो. त्याच्याही पलीकडे, ध्रुवप्रदेशातील समुद्र, हिमनद्या आणि वर्षानुवर्षे गोठून राहिलेली जमीन येथे असे जीवाणू वस्ती करून आहेत, की ज्यांना मुंबईचा हिवाळादेखील उष्माघातासारखा वाटावा. रोगजंतूंना रोखणारी नवी रसायने या जीवाणूंकडून मिळतील का, याचा शोध गेली काही दशके निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांमध्ये सुरू आहे.

या शोधामागची निकड सर्वांच्या परिचयाची आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, तर सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी अशा संसर्गाचा या ना त्या प्रकारे संबंध होता, असा अंदाज 'लान्सेट' या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया, बाळंतपण, कर्करोगावरील उपचार, अवयवांचे रोपण या साऱ्यांचा पाया प्रतिजैविके हाच आहे. हा पाया खचत असताना खरोखर नव्या जातकुळीची औषधे मात्र फारच थोडी येत आहेत.

मातीची खाण

आज वापरात असलेल्या प्रतिजैविकांपैकी निम्म्याहून अधिक औषधांचे मूळ मातीतील सूक्ष्मजीवांमध्ये आहे. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सापडले ते एका बुरशीत; परंतु मातीतील जीवाणूंकडे पद्धतशीरपणे पाहण्याची दृष्टी दिली ती अमेरिकेतील सेल्मन वॅक्समन यांनी. त्यांच्या प्रयोगशाळेत १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हाती आले आणि क्षयरोगावर पहिले परिणामकारक प्रतिजैविक मिळाले. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला जो गंध येतो, त्याला प्रामुख्याने कारणीभूत असलेल्या स्ट्रेप्टोमायसीज या प्रजातीतील जीवाणूंचीच ही देणगी होती. त्यानंतर औषध कंपन्यांनी जगभरातून मातीचे नमुने मागवण्याचा सपाटा लावला. फिलिपाइन्समधील मातीतून एरिथ्रोमायसिन मिळाले. बोर्निओच्या जंगलातील एका धर्मोपदेशकाने पाठवलेल्या मातीतून व्हॅन्कोमायसिन मिळाले. सार्डिनिया बेटावर सांडपाणी जेथे समुद्राला मिळत होते, तेथील पाण्यात ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना १९४५ मध्ये जी बुरशी आढळली, तिच्यातून पुढे सेफॅलोस्पोरिन गटाची औषधे विकसित झाली.

या खोदकामात महाराष्ट्रही मागे नव्हता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले. ज्या जीवाणूपासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे : स्ट्रेप्टोमायसीज पिंपरिना. एखाद्या औद्योगिक उपनगराचे नाव जीवाणूला मिळण्याचा हा योग तसा दुर्मिळच म्हणायचा.

साठच्या दशकानंतर मात्र ही खाण आटू लागली. मातीचा नवा नमुना आणावा, त्यातून जीवाणू वेगळे करावेत, त्यांचे द्रव्य रोगजंतूंवर टाकून पाहावे आणि महिनोन्महिने खपून अखेर तेच स्ट्रेप्टोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन पुन्हा हाती यावे, असे वारंवार घडू लागले. दुसरा मार्ग संश्लेषित रसायनांचा होता. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीने १९९५ ते २००१ या काळात रसायनांच्या प्रचंड संग्रहावर सुमारे ७० चाचणी मोहिमा राबवल्या. त्यांतून औषधाच्या दिशेने पुढे नेण्याजोगी अवघी पाच रसायने निघाली. मोठ्या कंपन्यांनी या क्षेत्राकडे पाठ फिरवण्याची कारणे पुष्कळ आहेत; हे त्यांपैकी एक. निसर्गाने लक्षावधी वर्षांत घडवलेल्या रेणूंना पर्याय नाही आणि नेहमीची माती तर चाळून झाली आहे, अशा कोंडीत संशोधकांची नजर आजवर न चाळलेल्या जागांकडे वळली. खोल समुद्र, वाळवंटे, खारी सरोवरे, कीटकांची पोटे यांच्याबरोबर बर्फही त्या यादीत आला.

थंडीत जगण्याची रीत

बर्फाळ प्रदेश म्हणजे पृथ्वीचा एखादा कोपरा, ही कल्पना उष्ण कटिबंधातील माणसाची आहे. महासागरांतील सुमारे ९० टक्के पाणी पाच अंश सेल्सिअसहून थंड असते. त्यात ध्रुवप्रदेश, हिमनद्या, उंच पर्वत आणि कायम गोठलेली जमीन मिळवली, तर पृथ्वीवरील सजीवसृष्टीचा बहुतांश भाग थंडच आहे असे म्हणावे लागते. १९७५ मध्ये रिचर्ड मोरिटा यांनी शीतप्रिय जीवाणूंची जी व्याख्या केली, ती आजही आधारभूत मानली जाते. शून्य किंवा त्याहून कमी तापमानात वाढू शकणारा, १५ अंश किंवा त्याखालील तापमानात सर्वांत चांगला वाढणारा आणि २० अंशांच्या वर वाढ थांबणारा तो शीतप्रिय. थंडी सोसणारे, पण उबेत अधिक रमणारे जीवाणू या व्याख्येबाहेर राहतात. त्यांना शीतसह म्हणतात. औषधांच्या शोधात प्रत्यक्ष हाती लागतात ते बव्हंशी हे दुसऱ्या प्रकारचेच.

थंडीशी जुळवून घेण्याची या जीवाणूंची रीत स्वयंपाकघरातील उदाहरणाने समजू शकेल. हिवाळ्यात तूप आणि खोबरेल तेल थिजते, करडईचे तेल मात्र पातळ राहते. कारण करडईच्या तेलात असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण जास्त असते. प्रत्येक पेशीभोवतीचे पटलही मेदाचेच असते. ते थिजले, तर अन्न आत येणे आणि टाकाऊ पदार्थ बाहेर जाणे थांबते व पेशी मरते. म्हणून शीतप्रिय जीवाणू आपल्या पटलात असंतृप्त मेदाम्ले वाढवून ते पातळ राखतात. त्यांची विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, रचनेने सैलसर असतात. त्यामुळे ती थंडीतही हालचाल करू शकतात. मात्र जराशा उष्णतेने त्यांची घडी विस्कटते. काही जीवाणू बर्फाच्या कणांना वाढू न देणारी प्रथिने तयार करतात, तर काही स्वतःभोवती शर्करेचे चिकट आवरण विणतात. कॅनडाच्या अतिउत्तरेकडील गोठलेल्या जमिनीत सापडलेला प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस हा जीवाणू उणे १५ अंशांत विभाजन पावतो आणि उणे २५ अंशांतही त्याच्या पेशीतील चयापचय चालू असल्याचे २०१३ मध्ये नोंदवले गेले.

आता मुख्य प्रश्न. थंडीत राहणारा जीवाणू प्रतिजैविक का बनवील? थंडी स्वतः प्रतिजैविक निर्माण करीत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कारण या विषयावरील उत्साही लिखाणात तसा भास पुष्कळदा होतो. सर्वसाधारणपणे मांडली जाणारी कारणमीमांसा अशी, की बर्फाळ प्रदेशात अन्न थोडे आणि राहण्याजोग्या जागा चिंचोळ्या असतात. समुद्राचे पाणी गोठते तेव्हा मीठ बर्फाबाहेर ढकलले जाते आणि बर्फाच्या थरात अतिखाऱ्या पाण्याच्या बारीक वाहिन्या उरतात. सारे जीवन त्या वाहिन्यांत दाटीवाटीने राहते. अंटार्क्टिकच्या सरोवरांच्या तळाशी नीलहरित जीवाणूंचे जाजमासारखे थर असतात, तेथेही तीच गर्दी. शेजाऱ्याला दूर ठेवण्याचे साधन अशा ठिकाणी उपयोगी पडणारच. दुसरे कारण एकांताचे. दक्षिण अमेरिकेपासून अंटार्क्टिका अलग होऊन आणि तिच्याभोवती शीत सागरी प्रवाहाचे कडे तयार होऊन तीन कोटींच्या आसपास वर्षे लोटली. तेथील स्पंज, मासे यांच्यातील बऱ्याच जाती अन्यत्र कोठेही नाहीत. त्यांच्या अंगावर वस्ती करणारे जीवाणूही वेगळे असतील, ही अपेक्षा गैर नाही. मात्र जीवाणू वाऱ्यावर आणि पक्ष्यांच्या पायांवर बसून खंडे ओलांडतात. सूक्ष्मजीव सर्वत्र असतात, कोणते फोफावतील ते परिसर ठरवतो, असे डच शास्त्रज्ञ बास बेकिंग यांनी १९३४ मध्येच म्हणून ठेवले आहे. तेव्हा बर्फातील प्रत्येक जीवाणू अनोखा असेल, असे गृहीत धरता येत नाही.

आजवर काय सापडले

प्रत्यक्ष अनुभव काय सांगतो, ते पाहण्यासाठी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले ब्रिटिश संशोधकांचे काम उपयोगी आहे. त्यांचा हेतू माफक होता. फ्रिजमधील अन्नात वाढणाऱ्या लिस्टेरियासारख्या जंतूंना थंडीतच रोखू शकेल असा जीवाणू त्यांना हवा होता. अंटार्क्टिकच्या मातीतून त्यांनी ४,४९६ जीवाणू वेगळे केले. त्यांपैकी रोगजंतूंना अटकाव करणारे निघाले १३. हजारी तीन म्हणजे फार नव्हे. परंतु या क्षेत्रात चाळणीची भोके अशीच बारीक असतात.

२००५ मध्ये जर्मन संशोधकांच्या पुढाकाराने अंटार्क्टिकातील टेरा नोव्हा उपसागराच्या परिसरातील स्ट्रेप्टोमायसीज ग्रिझियस या जीवाणूपासून एक नवे प्रतिजैविक वेगळे करण्यात आले. लॅटिनमधील थंडीवाचक शब्दावरून त्याला फ्रिगोसायक्लिनोन असे नाव मिळाले. ग्राम-धन जीवाणूंवर ते परिणाम करते. गंमत अशी, की स्ट्रेप्टोमायसीज ग्रिझियस हा अनोळखी जीव नव्हेच. वॅक्समन यांना स्ट्रेप्टोमायसिन देणारा जीवाणू तोच. एकाच जातीचा न्यू जर्सीतील वाण एक औषध बनवतो आणि अंटार्क्टिकातील वाण दुसरेच रसायन बनवतो, ही बाब सबंध शोधाला बळ देणारी आहे.

सर्वांत चित्तवेधक काम इटलीतील प्रयोगशाळांनी केले. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात फुप्फुसांमध्ये चिकट स्राव साठतो आणि त्यात बर्खोल्डेरिया सेपॅसिया या समूहातील जीवाणू ठाण मांडतात. हे जीवाणू बहुतेक प्रतिजैविकांना मुळातच दाद देत नाहीत. एकदा शिरले की त्यांना हुसकणे अतिशय कठीण. रॉस समुद्रातील स्पंजांवर राहणाऱ्या जीवाणूंची या समूहाशी गाठ घालून पाहण्यात आली, तेव्हा त्यांतील अनेकांनी बर्खोल्डेरियाची वाढ रोखली. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे पेट्री बशीच्या मध्यभागी आडभिंत असूनही परिणाम दिसत होता. एका बाजूला अंटार्क्टिकचा जीवाणू, दुसऱ्या बाजूला रोगजंतू, दोघांच्या खाद्यात कोठेही संपर्क नाही, तरीही रोगजंतू वाढेना. याचा अर्थ रोधक द्रव्य हवेतून पलीकडे जात होते. अंटार्क्टिकातील फ्रेंच तळाजवळच्या समुद्रातून मिळालेल्या स्यूडोअल्टेरोमोनास हॅलोप्लँक्टिस या जीवाणूतही हाच गुण आढळला. त्याचा जनुकसंच २००५ मध्ये उलगडला गेलेला असल्याने त्याचा अभ्यास सोपा झाला होता. त्याने सोडलेल्या बाष्पशील द्रव्यांपैकी मिथिलअमाइन हे साधे संयुग बर्खोल्डेरियाला रोखते, असे २०१७ मध्ये दाखवून देण्यात आले. याच जीवाणूचे आणखी एक द्रव्य कॅथेटरसारख्या साधनांवर जंतूंचा चिवट थर बसू देत नाही. रॉस समुद्रातील स्यूडोमोनास जीवाणूंनी बनवलेली साबणासारखी ऱ्हॅम्नोलिपिडे बर्खोल्डेरियाला रोखतात, असे २०१६ मध्ये नोंदवले गेले.

युरोपीय संघाच्या निधीवर 'फार्मासी' हा प्रकल्प २०१२ पासून चार वर्षे चालला. स्कॉटलंडमधील अॅबर्डीन विद्यापीठाचे मार्सेल जास्पर्स हे त्याचे एक प्रमुख. ध्रुवीय समुद्रांतील आणि खोल सागरी गर्तांमधील चिखल उपसून त्यातील जीवाणू तपासण्याचे काम या प्रकल्पाने केले.

आणि तरीही हिशेब मांडायचा, तर बर्फाळ प्रदेशातील जीवाणूपासून मिळालेले एकही प्रतिजैविक आजतागायत औषधाच्या दुकानात पोहोचलेले नाही. ध्रुवप्रदेशाने बाजाराला दिलेला यशस्वी पदार्थ वेगळाच आहे. अंटार्क्टिकातील वांडा सरोवराच्या गाळातून मिळालेल्या एका किण्वाचे लायपेज हे विकर आज रासायनिक उद्योगात मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. प्रतिजैविकाच्या बाबतीत असे का झाले नाही, याची उत्तरे प्रयोगशाळेतील दैनंदिन कामात सापडतात.

दोन तापमानांचा पेच

पहिली अडचण वेळेची. आतड्यातील ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्याची वसाहत रात्रभरात डोळ्यांना दिसू लागते. चार अंशांत वाढणाऱ्या जीवाणूची वसाहत दिसायला काही आठवडे लागू शकतात. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. रोगजंतू माणसाच्या शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांना वाढतो. त्याला रोखणारा जीवाणू त्या तापमानात मरतो. दोघांना एका बशीत एकाच वेळी वाढवता येत नाही. म्हणून आधी शीतप्रिय जीवाणूला थंडीत वाढू द्यायचे, मग त्यावर रोगजंतू मिसळलेल्या आगरचा थर ओतायचा आणि बशी उबेत ठेवायची, अशी दुहेरी पद्धत वापरावी लागते. या उबेत मूळ द्रव्यच टिकले नाही, तर संशोधकाला काहीच दिसत नाही. प्रयोगशाळेच्या सोयीसाठी जीवाणूला जास्त तापमानात वाढवावे, तर ते द्रव्य तो बनवीतच नाही, असेही होते. कारण ते जुळवणारी विकरे थंडीसाठी घडलेली असतात.

बशीत रोगजंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले की वार्ताहरांना औषध सापडल्याचा आनंद होतो. असे वर्तुळ फिनाइलच्या थेंबाभोवतीही उमटते. द्रव्य नवे आहे की जुनेच, ते वस्तुमान वर्णपटाच्या साहाय्याने ताडून पाहावे लागते. ते माणसाच्या पेशींना अपाय करीत नाही ना, रक्तात टिकते का, पुरेशा प्रमाणात बनवता येते का, या पायऱ्या पुढच्या. बहुतेक रेणू तेथेच गळतात.

त्याहून मूलभूत अडचण सर्वच जीवाणूंच्या बाबतीत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जीवाणूंपैकी सुमारे एक टक्काच प्रयोगशाळेतील खाद्यावर वाढतात. हा अडसर दूर करण्यासाठी अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील किम लुईस आणि स्लाव्हा एपस्टाइन यांनी एक युक्ती काढली. बारीक भोकांच्या एका चकतीत एकेक जीवाणू अडकवून, दोन्ही बाजूंनी झिरपते पटल लावून, ती चकती पुन्हा मातीतच पुरायची. जीवाणू आपल्या घरीच वाढतो. मेन राज्यातील साध्या मातीतून या पद्धतीने टेक्सोबॅक्टिन हे नव्या जातकुळीचे प्रतिजैविक मिळाले आणि २०१५ मध्ये त्याची मोठी चर्चा झाली. 'आयचिप' नावाची ही चकती पुढे ध्रुवीय मातीसाठीही वापरण्यात आली.

दुसरा मार्ग जीवाणू न वाढवताच त्याची जनुके वाचण्याचा. प्रतिजैविक बनवण्याची जनुके पुष्कळदा डीएनएवर एकमेकांशेजारी एका गटात असतात. हे गट ओळखणारी संगणकप्रणाली २०११ पासून उपलब्ध आहे. तिने एक आश्चर्य उघड केले. जीवाणू प्रयोगशाळेत जेवढी रसायने बनवताना दिसतो, त्याच्या कितीतरी पट अधिक रसायनांचे आराखडे त्याच्या जनुकसंचात असतात. ते फक्त निद्रिस्त असतात. त्यांना जागे करायचे, किंवा ती जनुके सहज वाढणाऱ्या दुसऱ्या जीवाणूत घालून रसायन बनवून घ्यायचे, अशी आता खटपट चालते. तिबेटच्या पठारावरील २१ हिमनद्यांतील बर्फाच्या नमुन्यांतून चिनी शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये ९६८ जातींच्या सूक्ष्मजीवांची जनुकसूची प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेक जाती विज्ञानाला अपरिचित होत्या.

गोव्याहून दक्षिण ध्रुवाकडे

भारताचा या क्षेत्राशी संबंध जुना आहे. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली. पुढे दक्षिण गंगोत्री, मैत्री आणि २०१२ मध्ये भारती असे तळ उभे राहिले. २००८ मध्ये उत्तरेकडे, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ऑलेसुंड येथे हिमाद्री हे केंद्र सुरू झाले. या साऱ्यांची सूत्रे वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. एस. शिवाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातून जीवाणूंच्या अनेक नव्या जाती नोंदवल्या. मैत्री तळ ज्या शिरमाखर परिसरात आहे, तेथील मातीत मिळालेल्या स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकसचे वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. या कामाचा भर जीवाणूंची ओळख पटवण्यावर आणि ते थंडीत कसे तगतात हे समजून घेण्यावर होता. औषधाच्या शोधासाठी आधी जीवाणू ओळखून, नीट जपून ठेवावा लागतो. पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संपदा केंद्र जपणुकीचे हेच काम करते.

हिमाद्रीच्या परिसराशी भारताचा आणखी एक संबंध जोडला गेला, तो फारसा भूषणावह नाही. कार्बापेनेम ही राखीव प्रतिजैविकेही निकामी करणारे एक विकर २००८ मध्ये स्वीडनमधील एका रुग्णात आढळले. हा रुग्ण त्याआधी दिल्लीत उपचार घेऊन आला होता. त्यावरून विकराला 'न्यू दिल्ली'चे नाव मिळाले आणि २०१० मध्ये भारतात त्यावर बराच गदारोळ झाला. न्यू-ऑलेसुंड ज्या खाडीच्या काठी आहे, त्या काँग्सफ्योर्डच्या परिसरातील मातीचे नमुने ब्रिटिश व अन्य संशोधकांनी २०१३ मध्ये घेतले. त्यांत याच विकराचे जनुक सापडल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. तेथे शेती नाही, मोठी रुग्णालये नाहीत, वस्ती जेमतेम. पक्षी, अन्य वन्यजीव आणि तेथे येणारी माणसे यांच्या विष्ठेतून ते पोहोचले असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. ज्या निर्मळ जागांत नवी औषधे शोधायची, तेथे जुन्या औषधांना हरवणारी जनुके आधीच येऊन थडकली होती.

प्रतिरोध हा केवळ माणसाच्या चुकांचा परिणाम आहे, असे मात्र नव्हे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी युकॉन भागातील ३० हजार वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या गाळातून डीएनए वेगळा केला, तेव्हा त्यात पेनिसिलीन वर्ग, टेट्रासायक्लिन आणि व्हॅन्कोमायसिन यांना दाद न देणारी जनुके मिळाली. हे निष्कर्ष २०११ चे. मॅमथ हत्ती हिंडत होते त्या काळात दवाखाने नव्हते; परंतु प्रतिजैविक बनवणारे जीवाणू होते, आणि स्वतःच्याच विषापासून बचाव करण्याची तजवीज त्या जीवाणूंना करावी लागतेच. ती जनुके शेजाऱ्यांकडेही जातात. म्हणून बर्फातून नवे प्रतिजैविक मिळाले, तर त्याच्यावरचा उतारा त्याच बर्फात असण्याची शक्यता दाट आहे. हिमनद्या वितळत असताना ही जनुके नद्यांत उतरतील ही भीती अनाठायी नाही. तथापि आजच्या नद्यांत कारखान्यांतून आणि रुग्णालयांतून जे मिसळते, त्यापुढे तो धोका लहान ठरावा.

पैसा आणि मालकी

रेणू सापडला तरी त्याचे औषध कोण करणार, हा प्रश्न उरतोच. प्रतिजैविक आठवडाभर घ्यायचे असते आणि नवे प्रतिजैविक तर शक्यतो वापरायचेच नसते. ते राखून ठेवायचे असते. धंद्याच्या दृष्टीने याहून वाईट माल नाही. अमेरिकेतील अकाओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिन या प्रतिजैविकाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ब्रिटनने २०२२ मध्ये दोन प्रतिजैविकांसाठी खपाशी निगडित नसलेली ठरावीक वार्षिक रक्कम देण्याची योजना सुरू केली. असे उपाय अन्यत्र रुजले नाहीत, तर बर्फातील रेणू प्रयोगशाळेच्या शीतकपाटातच राहतील.

मालकीचा गुंता वेगळाच आहे. अंटार्क्टिका कोणाचीही नाही. १९५९ चा करार वैज्ञानिक निष्कर्ष सर्वांना खुले ठेवण्यास सांगतो. एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा पाया मात्र मक्तेदारीत आहे. तेथील जीवाणूपासून कोणी औषध काढले, तर नफ्यात कोणाचा वाटा, यावर करारातील देशांच्या बैठकांत गेली वीसहून अधिक वर्षे चर्चा चालू आहे. भारताने २०२२ मध्ये स्वतंत्र अंटार्क्टिक कायदा करून तेथील भारतीयांच्या हालचालींना परवान्याची चौकट घातली. देशांच्या हद्दीबाहेरील समुद्रातील जैवविविधतेसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २०२३ मध्ये संमत झाला आणि १७ जानेवारी २०२६ पासून अमलात आला. सागरी जीवांच्या जनुकीय संपत्तीपासून होणाऱ्या लाभाच्या वाटणीची तरतूद त्यात आहे. अंटार्क्टिकातील जमिनीवरच्या मातीत आणि गोड्या पाण्याच्या सरोवरांत राहणारे जीवाणू या कराराच्या कक्षेत येत नाहीत.